जुनं पोर्टल ते मूडल: स्थलांतराची वही

कोकणातलं अनुदानित महाविद्यालय. कला, वाणिज्य, विज्ञान. मी संगणक विभागात शिकवतो. ‘तुम्हाला येतं ना सर’ एवढ्या पात्रतेवर ॲडमिन झालो. प्राचार्यांना दर पंधरवड्याला अहवाल द्यायचा म्हणून ही वही सुरू केली. अहवाल दोनच गेले, वही चालू राहिली.

७ एप्रिल २०२५, सोमवार

प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक. जुन्या पोर्टलचा (नोट्स, चाचण्या, गुण ठेवायची आमची ऑनलाइन जागा) करार ३१ जुलैला संपतो, पुढे वाढवायचा नाही असं ठरलं. दर विद्यार्थ्यामागे पैसे मोजा आणि साधा एक रकाना वाढवायचा तरी कंपनीला मेल करून आठ दिवस थांबा, हे गाऱ्हाणं जुनंच आहे. यंदा गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. नवं शैक्षणिक धोरण आमच्याकडे २०२४-२५ ला पहिल्या वर्षाला लागू झालं. आता एफवायची मुलगी मुख्य विषय इतिहास घेते, ओपन इलेक्टिव्ह वाणिज्याकडचं आणि कौशल्याचा विषय तिसऱ्याच विभागाचा. जुन्या पोर्टलला मात्र वर्ग आणि तुकडी याच्या पलीकडे काही कळत नाही. वर्षभर आम्ही काय केलं, तर एकेका मुलीची तीन-तीन खाती काढली आणि मार्चमध्ये तिन्ही खात्यांतले गुण हाताने एका कागदावर उतरवले. भाऊसाहेबांनी (आमचे हेडक्लार्क) तो कागद लॅमिनेट करून ठेवलाय. पुरावा म्हणून, म्हणाले.

९ एप्रिल, बुधवार

मूडल घ्यायचं, म्हणजे कोर्स, नोट्स आणि चाचण्या ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, २००२ पासून चालू आहे आणि अडलं तर विचारायला माणसं मिळतात. आवृत्तीवर थोडा विचार केला. ५.० याच महिन्यात येतंय, विभागातल्या तरुण मंडळींना तेच हवं होतं. मी ४.५ वर अडून बसलो. ती दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळतील. शिवाय ५.० ला मायएसक्यूएल (डेटाबेस) ८.४ लागतं, आमच्या सर्व्हरवरच्या उबुंटू २४.०४ या प्रणालीसोबत ८.० येतं. ज्याला एकट्याला रात्री अकरा वाजता सर्व्हर उठवायचाय त्याने नव्याची हौस करू नये.

१६ एप्रिल, बुधवार

जुन्या पोर्टलवरच्या कोर्सची यादी काढली. २१४ निघाले. आमच्याकडे सगळे मिळून विषय किती, तर सत्तरच्या आत. मग हे बाकीचे कुठले? ‘टेस्ट’, ‘टेस्ट २’, ‘नवीन टेस्ट’, ‘टेस्ट (हा वापरू नये)’. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घाईत उघडलेले आणि एकच व्हिडिओ टाकून सोडलेले. निवृत्त झालेल्या सरांचे. एकाच अर्थशास्त्राचे चार, कारण दर वर्षी नव्या शिक्षकाने जुना न बघता नवा काढला.

यादीच्या शेवटी एक रकाना वाढवला: ‘मालक’. ज्याच्यापुढे माणसाचं नाव नाही तो कोर्स नव्या ठिकाणी जाणार नाही. प्राचार्यांनी लगेच मान हलवली. त्या वेळी वाटलं, झालंच काम.

२४ एप्रिल, गुरुवार

कंपनीकडून डेटा आला. करारात ‘संपूर्ण डेटा परत देण्यात येईल’ असं वाक्य होतं, तेवढं त्यांनी पाळलं. एक झिप, आत आकड्यांच्या नावाचे फोल्डर, त्यात आकड्यांच्याच नावाच्या फाइली, पुढे पीडीएफ की वर्ड हेही लिहिलेलं नाही. कुठली फाइल कुठल्या कोर्सची हे सांगणारी एक्सेल वेगळी आली, ती दुसऱ्यांदा मागितल्यावर. चाचण्या वर्ड फाइलमध्ये सपाट होऊन आल्या: प्रश्न, खाली चार पर्याय, बरोबर कुठला ते ठळक अक्षरात. म्हणजे ठळकपणा हीच उत्तरसूची. एखाद्याने फाइल उघडून सगळं निवडून फॉन्ट बदलला की झालं.

दोन संध्याकाळी छोटी स्क्रिप्ट लिहून फाइलींना नावं परत दिली.

२९ एप्रिल, मंगळवार

मालक शोधण्याची बैठक. दीड तास ठेवली होती, साडेतीन तास चालली.

प्रोजेक्टरवर एकेक कोर्स दाखवायचा, विचारायचं ‘कोणाचा?’. पहिल्या तीसेक कोर्सना हात पटापट वर झाले. मग आला भौतिकशास्त्राचा एक कोर्स. सहाशेच्या वर प्रश्न, प्रत्येकाला काठिण्य पातळी लावलेली, आकृत्या स्वतः काढलेल्या. गेली तीन वर्षं विज्ञान शाखेची प्रत्येक सराव परीक्षा त्यातूनच निघते. विचारलं, कोणाचा? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. विभागप्रमुख म्हणाले, ‘विभागाचा म्हणा.’ मी म्हटलं, सर, विभाग लॉगिन करत नाही.

शेवटी भाऊसाहेबांनी सांगितलं. तो सीएचबीवरच्या मॅडमनी केलाय. तासिका तत्त्वावरची नेमणूक सत्र संपलं की संपते, त्यामुळे एप्रिल अखेरीस त्यांचं खाते कंपनीकडून बंद व्हायचं, जूननंतर नवं मिळायचं. तीन वर्षांत तीन खाती. आधीचं काम बंद खात्याखाली, ‘अज्ञात वापरकर्ता’ या नावाने. म्हणून यादीत त्यांचं नाव कुठेच नव्हतं. आणि आज त्या बैठकीला नव्हत्याच, कारण सुट्टीतल्या बैठकीचे पैसे त्यांना मिळत नाहीत आणि बोलावलंही कोणी नव्हतं.

घरी येऊन यादी पुन्हा चाळली. ‘अज्ञात वापरकर्ता’ एकूण ४३ कोर्सवर. म्हणजे महाविद्यालयातलं धड चालणारं निम्मं साहित्य ज्यांनी केलं त्यांची नोंद पोर्टलकडे नाही. सगळ्यांचे नंबर भाऊसाहेबांकडून घेतले.

३० एप्रिल, बुधवार

फोन केले. सतरा जणांपैकी चौदा लागले. दोघे दुसऱ्या महाविद्यालयात रुजू झालेत, एक जण आता वडिलांचा आंब्याचा व्यवसाय बघतो (पेटी पाठवतो म्हणाला). भौतिकशास्त्राच्या मॅडमना विचारलं, कोर्स नव्या ठिकाणी तुमच्या नावाने ठेवू का? थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘ठेवा की. पण सर, जूनमध्ये मला घेतील का तेच माहीत नाही.’

‘मालक’ रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. नेमणूक असो-नसो, खातं बंद करायचं नाही, फक्त कोर्समधला अधिकार काढायचा, म्हणजे केलेल्या कामावरचं नाव राहतं. हा नियम प्राचार्यांकडून सहीसकट घेतला. या प्रकल्पात मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम बहुतेक हेच असेल, आणि त्याला संगणक लागला नाही.

६ मे, मंगळवार

मराठी विभाग. मॅडमनी २००९ पासूनच्या नोट्स स्वतः टाइप केल्यात, अकरा प्रकरणं. वर्डमधून कॉपी केलं, मूडलच्या एडिटरमध्ये चिकटवलं आणि त्या ओरडल्याच, ‘अहो, हे इंग्रजी कसं झालं?’

कृतीदेव. या फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा गेला की ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी आणि एच दिसतात. मॅडम म्हणाल्या, पीडीएफ करून टाकू, त्यात बरोबर दिसतंय. दिसतं खरं. पण टीवायला एक अंध विद्यार्थी आहे. त्याच्याच फोनवर तशी एक पीडीएफ उघडून दाखवली. टॉकबॅक (फोनवरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय) ‘ई जे के बी एच’ असं गंभीर आवाजात वाचत सुटला. मॅडमनी फोन खाली ठेवला. ‘तीन वर्षं तो हे ऐकतोय?’ विचारलं तर म्हणाला, नाही, मित्र वाचून दाखवतो.

मग युनिकोडमध्ये, म्हणजे आत देवनागरी अक्षरंच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलायला बसलो. नुसती अक्षराला अक्षर अदलाबदल करून भागत नाही. कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवायची. रफार नेमका उलटा: तिकडे अक्षर-मात्रा सगळं झाल्यावर शेवटी, इकडे आधी. हे न पाहता बदललं की ‘विद्यार्थी’चा ‘विद्याथीर्’ होतो. पहिल्या फेरीत असे रफार शेकड्याने घसरले. स्क्रिप्ट दुरुस्त केली, तरी जोडाक्षरं उरलीच. मॅडम ओळीओळीने वाचत गेल्या, मी दुरुस्त करत गेलो. दुपारी चारला त्यांनी डब्यातली कैरीची आंबट-गोड चटणी पुढे केली, तेव्हा आमचं दुसरं प्रकरण चालू होतं.

१४ मे, बुधवार

चाचण्या आयात करणं. शिक्षकांना सोपं पडावं म्हणून ‘एकेन’ पद्धत निवडली: एका ओळीत प्रश्न, खाली पर्याय, शेवटी उत्तर. साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येतं. सूचनांचा कागद वाटला. दुसऱ्या दिवशी इतिहासाची फाइल आली, चढवली, त्रुटी. भूगोलाची, त्रुटी. राज्यशास्त्राचीही तेच.

तिघांनीही पर्याय अ), ब), क), ड) असे दिले होते, खाली ‘उत्तर: ब’. आता मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिकेत दुसरं काय देणार? पण एकेनला पर्याय इंग्रजी मोठ्या लिपीतल्या ए, बी, सी, डी नेच सुरू झालेले लागतात आणि उत्तराच्या ओळीला ‘आन्सर’ हा शब्दही इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. प्रश्न हवा त्या भाषेत चालतो, चौकट मात्र त्यांचीच. माझ्या सूचनांच्या कागदावरचं उदाहरण इंग्रजी प्रश्नाचं होतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की भाषेप्रमाणे अक्षरंही बदलायची. चूक माझी. छोटा बदलक लिहिला: अ-ब-क-ड द्या, तो ए-बी-सी-डी करतो. भूगोलाच्या सरांनी पर्याय क, ख, ग, घ दिलेत. तेही घातलं.

२६ मे, सोमवार

मान्सून काल महाराष्ट्रात आला. २५ मे! कोणाच्याच छत्र्या बाहेर निघाल्या नव्हत्या.

सर्व्हर आतापर्यंत महाविद्यालयाच्याच संगणक कक्षात होता, ‘आपली वस्तू आपल्याकडे’ म्हणून. शनिवारी रात्रीपासून लाईट गेली-आली करत होती. सोमवारी सकाळी शिपाई मामांनी कक्ष उघडला तेव्हा यूपीएस कुईकुई करून थकला होता आणि खिडकीच्या फटीतून आलेलं पाणी सर्व्हरच्या कपाटापासून हातभर अंतरावर थांबलं होतं. मामांनी आधीच गोणपाट टाकलं होतं. डेटाबेस सुखरूप, पण एक टेबल दुरुस्त करावं लागलं.

प्राचार्य आले, गोणपाटाकडे बघितलं, म्हणाले, ‘भाड्याचा सर्व्हर किती पडतो म्हणालात?’ तीन आठवडे माझा प्रस्ताव टेबलावर पडून होता.

दुपारीच मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर घेतला. मूडलचा कोड, डेटाबेस आणि मूडलडेटा फोल्डर हलवलं. मूडलडेटा अपेक्षेपेक्षा हलकं निघालं. मूडल फाइल नावाने साठवत नाही, फाइलीतल्या मजकुरावरून काढलेल्या ठशाने साठवतं. नऊ शिक्षकांनी एकच अभ्यासक्रमाची पीडीएफ चढवली तरी डिस्कवर ती एकदाच. नव्या जागी पीएचपीच्या (मूडल ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) दोन मर्यादा वाढवायला लागल्या: एका फॉर्ममधल्या चलांची मर्यादा १००० वरून ५००० (त्याशिवाय मूडल पुढेच सरकत नाही) आणि चढवायच्या फाइलीची २ एमबीवरून ६४. आमच्याकडे नोट्स म्हणजे मोबाइलने काढलेले वहीच्या पानांचे फोटो, २ एमबीत एक पानही बसत नाही.

१२ जून, गुरुवार

विद्यार्थ्यांची यादी चढवली. ३१६ ओळी. मूडलने आनंदाने सांगितलं: ३८ खाती तयार झाली.

बाकीचे गेले कुठे? यादी उघडली. वापरकर्ता नाव म्हणून विद्यापीठाचा सोळा आकडी पीआरएन (विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक) घेतला होता. प्रत्येक पीआरएनचा शेवटचा आकडा शून्य. एक्सेल संख्येचे पंधराच आकडे धरतं, सोळावा शून्य करून टाकतं. म्हणजे ओळीने दहा मुलांचा एकच क्रमांक. पहिल्याचं खातं झालं, पुढचे नऊ ‘आधीच आहे’ म्हणून वगळले. नावं तर सगळीच प्रश्नचिन्हं.

भाऊसाहेबांकडे गेलो.

‘मी काही केलं नाही हो. फक्त उघडून बघितली. क्रमांक ‘ई-प्लस’ असे दिसत होते, तेवढा रकाना ‘नंबर’ केला.’

‘आणि बंद करताना?’

‘सेव्ह करू का विचारलं. म्हटलं कर.’

दुहेरी क्लिक करून उघडली की एक्सेल स्वतःच ठरवतं, हा आकडा आहे. मग ते सेव्ह केलं की मूळ गेलं. प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा यादी काढली, एक्सेलमध्ये ‘डेटा’मधून मजकूर फाइल म्हणून आत घेतली, पीआरएनचा रकाना ‘टेक्स्ट’ केला, साठवताना यूटीएफ-८ वाला (देवनागरी शाबूत ठेवणारा) सीएसव्ही निवडला. ३१६ पैकी ३१६. भाऊसाहेबांनी स्वतः करून बघितलं, वहीत पायऱ्या लिहून घेतल्या आणि पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं: ‘दुहेरी क्लिक करू नये.’

धोरणाच्या विषयांचा प्रश्नही याच यादीने सुटला. प्रत्येक विषयाचा एक गट, त्या गटाला कोर्स जोडलेला. यादीत विद्यार्थ्यापुढे गटांची नावं लिहिली की मुलगी एकाच खात्यातून इतिहासातही आणि वाणिज्यातही. लॅमिनेट केलेला कागद आता काढून टाका म्हटलं तर भाऊसाहेब नाही म्हणाले.

२० जून, शुक्रवार

शिक्षकांचं प्रशिक्षण, दोन तुकड्या. सीएचबीवाल्यांना हजेरीपट घालून, तासाचे पैसे धरून बोलावलं. भौतिकशास्त्राच्या मॅडमची नेमणूक झालीय. दुसऱ्या तुकडीला प्रश्नसंचाचा भाग त्यांनीच घेतला, माझ्यापेक्षा बरा.

मराठी भाषेच्या पॅकवरून (मूडलच्या पडद्यावरचे मराठी शब्द) वाद झाला. मराठीच्या मॅडमना ‘स्वाध्याय’ हवा, मुलांच्या तोंडी ‘असाइनमेंट’. मतदान नको म्हटलं आणि वर्गात जे बोलतात ते ठेवलं. मॅडम रागावल्या नाहीत, पण ‘क्विझ’ला ‘चाचणी’ करून घेतलंच.

१ जुलै, मंगळवार

लॉगिनचा पहिला दिवस. कार्यालयाबाहेर रांग. पासवर्ड विसरला तर मेलवर लिंक जाते, हे माझं गृहीतक. मुलांचा मेल आयडी म्हणजे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला, त्याचा पासवर्ड त्या कॅफेवाल्यालाच माहीत. कॅफे बंद पडलाय.

भाऊसाहेबांना फक्त पासवर्ड बदलता येईल असा एक वेगळा रोल करून दिला. ओळखपत्र बघायचं, तात्पुरता पासवर्ड द्यायचा, पहिल्या लॉगिनला तो बदलायची सक्ती. त्यांनी त्यासाठी नोंदवही घातली. आज ६७.

१० जुलै, गुरुवार

काल रात्रीची गोष्ट. सराव चाचणी, अर्ध्या तासाची, संध्याकाळी आठ ते नऊमध्ये कधीही सोडवा. सव्वानऊला निकाल उघडला: १४० जणांनी सुरू केली, जमा झालेल्या ५२. उरलेल्या ८८ ‘चालू आहे’. वेळ संपून पाव तास झाला तरी चालूच. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर संदेश सुरू, ‘सर, माझी गेली का?’

दोन गोष्टी एकात एक अडकल्या होत्या. मुलं शेवटचा प्रश्न सोडवून ‘संपवा’ दाबत आणि ॲप बंद करत. मूडलमध्ये त्याच्या पुढे ‘सगळं जमा करा’ आणि त्याच्याही पुढे ‘नक्की?’ असे दोन टप्पे आहेत. तरी हरकत नव्हती, वेळ संपल्यावर मूडल स्वतः जमा करून घेतं. ते कोण करतं? क्रॉन, सर्व्हरवर दर मिनिटाला आपोआप चालून राहिलेली कामं उरकणारा. आणि क्रॉन २६ मे नंतर चाललाच नव्हता. कोड, डेटाबेस, मूडलडेटा हलवलं; क्रॉनची एक ओळ त्या ओल्या खोलीतल्या जुन्या यंत्रावरच राहिली. ॲडमिनच्या पानावर त्याची सूचना दिसत होती. दीड महिना मी ती रोज बघत होतो आणि ‘मेल बंद ठेवलेत त्याचंच असेल’ म्हणून पुढे जात होतो.

साडेनऊला ओळ घातली. नऊ पस्तीसला ८८ चे शून्य. उत्तरं सगळी शाबूत होती, कारण चाचणी चालू असताना मूडल दर मिनिटाला साठवत राहतं. ग्रुपवर ‘सर्वांची जमा झाली’ टाकलं आणि जेवायला बसलो.

आज बटणांची मराठी बदलली. शेवटच्या बटणावर आता ‘उत्तरपत्रिका जमा करा’ लिहिलंय.

१८ जुलै, शुक्रवार

भूगोलाचे सर चिडून आले. प्रश्न: वाळूच्या टेकड्या कशामुळे तयार होतात? उत्तर: वाऱ्यामुळे. निम्म्या मुलांचं बरोबर, निम्म्यांचं चूक, आणि लिहिलंय सगळ्यांनी तेच. सरांनी दोन फोन शेजारी धरले. डोळ्यांना कणभरही फरक नाही.

‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आपल्या ‘दऱ्या’, ‘किनाऱ्या’, ‘शेतकऱ्यां’ या सगळ्यांना हा चकवा आहे. तूर्त उपाय: ‘ऱ्य’ असलेल्या प्रत्येक उत्तराची दोन्ही रूपं बरोबर म्हणून नोंदवायची. गुण पुन्हा मोजले. वाणिज्याकडे याचा भाऊबंद सापडला: आकड्याच्या प्रश्नात मुलाने १२५० देवनागरीत लिहिलं की मूडल त्याला संख्याच मानत नाही. प्रश्नाखाली सूचना टाकली.

३१ जुलै, गुरुवार

जुनं पोर्टल बंद. नव्या ठिकाणी ७१ कोर्स, प्रत्येकापुढे नाव. बाकीचे सगळे कोर्स दोन डिस्कवर: एक डिस्क ग्रंथालयाच्या कपाटात, एक माझ्याकडे. भाऊसाहेबांच्या नोंदवहीत आज पासवर्डवाले ३.

४ ऑगस्ट, सोमवार

अपेक्षेप्रमाणे. एक सर: ‘अहो, जुन्या पोर्टलवर माझं एक होतं...’ एप्रिलच्या बैठकीत ‘माझं काही नाही’ म्हणालेले हेच. कोर्सचं नाव ‘टेस्ट (हा वापरू नये)’. डिस्कवरून काढून दिला. आत खरोखरच चांगली संदर्भसूची होती.

१३ ऑगस्ट, बुधवार

वरच्या वाड्यांतल्या मुलांशी बोललो. घरात रेंज नाही, सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर) गेलं की येते. पावसात सडा म्हणजे काय ते सांगायला नको. मूडलच्या ॲपमध्ये कोर्स उतरवून घेता येतो; महाविद्यालयाच्या वायफायवर सकाळी उतरवायचा, घरी वाचायचा. चाचणीही जाळ्याविना सोडवता येते, पण शिक्षकाने तशी मुभा दिली पाहिजे आणि चाचणीला वेळेची मर्यादा नको. सराव चाचण्यांची मर्यादा काढायला चार शिक्षक तयार झाले. अंतर्गत परीक्षेला कोणीच नाही, ते बरोबरही आहे. ती वर्गातच होईल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

बुधवारी गणपती. अर्धं महाविद्यालय मनाने आजच गावी पोचलंय.

भौतिकशास्त्राच्या मॅडम दुपारी आल्या. त्यांच्या घराजवळच्या महाविद्यालयात पूर्णवेळ जागा मिळाली, गणपतीनंतर तिकडे रुजू. पेढे दिले. मग जरा अडखळत म्हणाल्या, ‘सर, तो प्रश्नसंच... मला एक प्रत मिळेल का? तिकडेही मूडलच आहे.’

प्राचार्यांना विचारायला गेलो. ते म्हणाले, नियमात बसतं का? मी ३० एप्रिलचा सहीचा कागद पुढे ठेवला, शेजारी यादी. ‘मालक’ रकाना. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, ‘मग मला कशाला विचारताय?’

कोर्सचा बॅकअप घेतला. ‘नोंदणी झालेले वापरकर्ते’ची खूण काढली, म्हणजे मुलांची नावं-गुण सोबत जाणार नाहीत, प्रश्नसंच, आकृत्या, पातळ्या सगळं आत. एक एमबीझेड फाइल. पेनड्राइव्हवर टाकली, माझ्या यंत्रावर एकदा रिस्टोअर करून आकृत्या उमटतात का बघितलं. मॅडम म्हणाल्या, ‘पहिल्या वर्षी हे सगळं गेलं होतं सर. सुट्टीत पुन्हा टाइप केलं होतं.’

आमच्याकडची प्रत राहिली. यादीतल्या त्यांच्या नावाखाली एक ओळ वाढवलीय, अजून कोरी आहे. विभागप्रमुखांना विचारलं, कोणाचं नाव घालू? गणपतीनंतर बघू म्हणाले.